आत्याबाईच्या मिशा आणि इंग्रजीतले ‘वुड’

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरातील मूल एकाच वेळी तीन भाषांत वाढत असते. घरात आजी-आजोबांची मराठी, दाराबाहेर हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कन्नड, आणि शाळेत इंग्रजी. हा तिहेरी संसार मूल बहुधा बिनबोभाट सांभाळते. शब्द पाठ होतात, काळ कळतात, स्पेलिंगही कालांतराने वठणीवर येते. परंतु परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी मुले, इतकेच काय, कचेरीत वर्षानुवर्षे इंग्रजी पत्रव्यवहार केलेली वडीलधारी मंडळीही एका ठिकाणी हमखास अडखळतात. ते ठिकाण म्हणजे ‘जर-तर’चे वाक्य. ‘इफ’ लिहून झाले की पुढे ‘विल’ घालावे की ‘वुड’, ‘शुड’ की ‘कुड’, ‘मे’ की ‘माइट’, येथे लेखणी थबकते. मग जो शब्द कानाला भारदस्त वाटेल तो लिहून मंडळी पुढे जातात, आणि बहुतेक वेळा तो शब्द ‘वुड’ असतो.

या साहाय्यक क्रियापदांची निवड हा केवळ परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न असता, तर त्यासाठी आम्ही या मासिकाची पाने अडवली नसती. परंतु आपण वचन दिले की नुसता मनोदय सांगितला, कोणास दोष दिला की त्याचे सांत्वन केले, हे पुष्कळदा या एका शब्दावर ठरते. शिवाय त्या निवडीची किल्ली बऱ्याच अंशी आपल्या मराठीतच आहे, आणि नेमकी ती किल्ली आपल्या घरांतून हळूहळू हरवत चालली आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

मराठीचा संकेतार्थ

शाळेत शिकलेले मराठी व्याकरण वाचकांना आठवत असेल. क्रियापदाचे चार अर्थ तेथे सांगितलेले असतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते’ हे संकेतार्थाचे ठरीव उदाहरण. एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे, आणि पहिली घडली नाही म्हणून दुसरीही घडली नाही, एवढा सगळा आशय त्या ‘असता’ने पेलला आहे. ज्यांच्या कपाटात मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ असेल, त्यांनी या निमित्ताने त्यावरील धूळ अवश्य झटकावी.

आता रोजच्या बोलण्यातील दुसरे वाक्य घेऊ: ‘तो उद्या आला तर मी जाईन.’ या साध्या वाक्यात दोन नवलाच्या गोष्टी आहेत. पहिली अशी, की यात ‘जर’ नाही. मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतो, ‘तर’ मात्र हवाच. इंग्रजीत नेमके उलट आहे. तेथे ‘इफ’ लागतोच आणि ‘देन’ बहुधा गाळतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. येणे उद्याचे आहे, परंतु क्रियापद ‘आला’ हे भूतकाळाच्या रूपात आहे. म्हणजे भूतकाळी रूप दिसले की घटना होऊन गेलेलीच असली पाहिजे, असे मराठी मानत नाही. हे ज्ञान आपल्या प्रत्येक अशिक्षित आजीलाही होते, आणि इंग्रजी ‘इफ’ समजण्यास तेच सर्वांत जास्त उपयोगी पडणार आहे.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तर आणखी गंमत दिसते. कन्नडमध्ये ‘मळे बंदरे’ म्हणजे ‘पाऊस आला तर’. तेथील ‘बंद’ हे अंगही ‘आला’ या भूतकाळी रूपाचेच. कोकणीतील ‘पावस पडलो जाल्यार’ हेही आपल्याच वळणाचे. तेलुगूतील ‘वस्ते’ या एका शब्दाला स्वतःचा असा काळच नाही. हिंदीत मात्र ‘आया तो’ किंवा ‘आए तो’ यांच्या बरोबरीने ‘वह आएगा तो मैं जाऊँगा’ असे सर्रास म्हणतात. गुजरातीतही ‘ते आवशे तो हुं जईश’. दोन्ही खंडांत भविष्यकाळ. याचा परिणाम असा, की इंदूर-ग्वाल्हेरकडील आपली मुले ‘तो येईल तर मी जाईन’ असे मराठी बोलू लागतात, आणि मग त्याच साच्यातून ‘इफ ही विल कम, आय विल गो’ असे इंग्रजी बाहेर पडते. इंग्रजीस ते मान्य नाही. तेथे ‘इफ ही कम्स, आय विल गो’ असेच हवे, कारण भविष्याचा निर्देश मुख्य वाक्यातील ‘विल’ने एकदा झाला की तो पुरे. ‘आला तर’ म्हणण्याची सवय असलेल्या मुलाला ‘इफ’पाशी भविष्यकाळ नको ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही. त्याच्या जिभेला ती अगोदरच ठाऊक असते.

याच्या अलीकडे एक पायरी आहे, तिचा उल्लेख करून पुढे जाऊ. ‘आच मोठी ठेवली की दूध उतू जाते’ यासारखी नेहमीची, निसर्गनियमाची गोष्ट सांगताना मराठी ‘तर’ऐवजी ‘की’ वापरते. इंग्रजीतही तेथे साहाय्यक क्रियापदाचे काम नसते. दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ पुरतो.

इंग्रजीचा पहिला प्रश्न: गोष्ट किती दूरची?

मराठीत आपण म्हणतो, ‘मला सोडतीत लाख रुपये मिळाले तर मी काशीला जाईन.’ तिकीट खिशात आहे आणि उद्या निकाल आहे, तरीही हेच वाक्य. तिकीट काढलेलेच नाही, सहज ओसरीवर बसून मनोराज्य चालले आहे, तरीही हेच वाक्य. फरक असतो तो स्वरात आणि चेहऱ्यावरच्या हसण्यात. इंग्रजी मात्र येथे आपल्याला अडवून विचारते, की हे घडेल असे तुम्हांला खरोखर वाटते काय? वाटत असेल तर ‘इफ आय विन, आय विल गो’. नुसतीच कल्पना असेल तर ‘इफ आय वन, आय वुड गो’. दुसऱ्या वाक्यातील ‘वन’ हे ‘विन’चे भूतकाळी रूप आहे, परंतु त्याचा कालच्या दिवसाशी काही संबंध नाही. काळाने मागे जाण्याऐवजी वक्ता वास्तवापासून एक पाऊल दूर सरकला आहे, एवढेच ते रूप सांगते.

हे दूर सरकणे म्हणजे एक जिना आहे, असे समजावे. पहिल्या पायरीवर ‘इफ’पाशी वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात ‘विल’: शक्य कोटीतील गोष्ट. दुसऱ्या पायरीवर ‘इफ’पाशी भूतकाळ आणि मुख्य वाक्यात ‘वुड’: आजची किंवा उद्याची, परंतु केवळ कल्पनेतील गोष्ट. तिसऱ्या पायरीवर ‘इफ’पाशी ‘हॅड’सह पूर्ण भूतकाळ आणि मुख्य वाक्यात ‘वुड हॅव’: होऊन गेलेल्या काळातील, आता कधीही न बदलणारी गोष्ट. प्रत्येक पायरीवरील ही जोडी सामान्यतः मोडू नये. ‘आला तर’ याचे शब्दशः रूपांतर करून ‘इफ ही केम, आय विल गो’ असे लिहिणारे विद्यार्थी एक पाय दुसऱ्या पायरीवर आणि एक पहिलीवर ठेवतात, म्हणून ते वाक्य लंगडते.

आत्याबाईची परीक्षा

आता आपल्या जुन्या म्हणीकडे वळू. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते.’ निरर्थक जर-तर करणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी घरोघर वापरली जाणारी ही म्हण इंग्रजी शिकवण्याच्या कामी फार उपयोगी आहे. या म्हणीत ‘असणे’ दोन्ही खंडांत आहे: पहिल्यात ‘असत्या’, दुसऱ्यात ‘असते’. मराठीचा तोल असा दुहेरी आहे. गुजरातीतही ‘होत’ दोन्हीकडे येतो. त्यामुळे आपल्या माणसाला साहजिकच वाटते, की ‘असते’ म्हणजे ‘वुड हॅव’, तेव्हा तेही दोन्हीकडे आले पाहिजे. यातूनच ‘इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन’ हे आपल्याकडील प्रसिद्ध वाक्य जन्मास येते. अमेरिकेत जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही असे वाक्य ऐकू येते, ही गोष्ट खरी. परंतु लेखनात ते अशुद्धच गणले जाते. इंग्रजीत ‘वुड’चा मुक्काम मुख्य वाक्यात. ‘इफ’च्या घरात ‘हॅड’ने राहावे.

तेव्हा आत्याबाईचे इंग्रजी असे होईल: ‘इफ आँट हॅड अ मुस्टॅश, वुई वुड कॉल हर अंकल.’ येथे सावध वाचक विचारील, की ‘म्हटले असते’चे ‘वुड हॅव कॉल्ड’ का नाही केले? याचे उत्तर आत्याबाईंच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. त्या आजही हयात आहेत आणि आजही त्यांना मिशा नाहीत, तोवर ही वर्तमानातील कल्पना, म्हणजे दुसरी पायरी. त्या निवर्तल्या असतील तर तिसरी पायरी चढावी लागेल: ‘इफ आँट हॅड हॅड अ मुस्टॅश, वुई वुड हॅव कॉल्ड हर अंकल.’ लागोपाठ आलेले दोन ‘हॅड’ छपाईची चूक नव्हेत. एक साहाय्यक, दुसरा मुख्य. मराठी दोन्ही प्रसंगी ‘म्हटले असते’ म्हणूनच मोकळी होते. ‘मी तुझ्या जागी असतो तर गेलो नसतो’ या वाक्याचेही तसेच. जाणे अजून व्हायचे असेल तर ‘वुड नॉट गो’, जाऊन झाले असेल तर ‘वुड नॉट हॅव गॉन’. मराठीत जे संदर्भावरून कळते ते इंग्रजीत रूपावरून कळावे लागते. म्हणून भाषांतर करताना शब्दांकडे पाहण्यापूर्वी प्रसंगाकडे पाहावे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवू. ‘वुड हॅव’ घाईने उच्चारला की त्यातील ‘हॅव’ इतका आखडतो, की ज्यांची ती मातृभाषा आहे असे कित्येक लोकही लिहिताना तेथे ‘ऑफ’ लिहून बसतात. आपल्या मुलांनी पुस्तकातून शिकलेले इंग्रजी निदान या चुकीपासून सुरक्षित आहे.

शब्दांचे मूळ घर

ही साहाय्यक क्रियापदे आज परावलंबी दिसत असली तरी पूर्वी ती स्वतंत्र गृहस्थ होती. जुन्या इंग्रजीत ‘विल’चा अर्थ होता इच्छा करणे, आणि ‘शॅल’चा अर्थ देणे लागणे, म्हणजे ऋणी असणे. ‘कॅन’ म्हणजे ठाऊक असणे, आणि ‘मे’ म्हणजे अंगी बळ असणे. ‘वुड’, ‘शुड’, ‘कुड’ आणि ‘माइट’ ही अनुक्रमे त्यांचीच भूतकाळी रूपे. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या स्पेलिंगमध्ये जो मुका ‘एल’ आहे तो एके काळी खरोखर उच्चारला जात असे. ‘कुड’मध्ये तो कधीच नव्हता. या दोघांच्या संगतीने लिहिणाऱ्यांनी तो मागाहून तेथे बसवला.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्या वाटणीचा नियम आपल्याकडील जुन्या पिढीने घोकून पाठ केला होता: प्रथमपुरुषी ‘शॅल’, इतरत्र ‘विल’, आणि निश्चय दाखवायचा असेल तेव्हा उलट. हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली परकीयांना इंग्रजी समजावे म्हणून लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात आढळतो. पुढे १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात या विषयासाठी कित्येक पाने खर्ची घातली आणि कबूल केले, की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यास ही वाटणी आपोआप येते, इतरांना ती साधणे कठीण. आज बोलण्यातून ‘शॅल’ पुष्कळसा मागे हटला आहे; कायद्याच्या मसुद्यांत मात्र बंधन दाखवण्यासाठी तो अजून येतो. तेव्हा आजोबांनी ‘आय शुड बी ग्लॅड’ लिहिले आणि नातीने ‘आय वुड बी ग्लॅड’ लिहिले, तर दोघेही बरोबर आहेत. त्यावरून घरात वाद नको.

दुसरा प्रश्न: खात्री किती?

आतापर्यंत आपण गोष्ट किती दूरची एवढेच पाहिले. इंग्रजीचा दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पहिली गोष्ट घडती, तर दुसरी नक्की घडली असती काय? का घडू शकली असती? का कदाचित घडली असती? येथे ‘वुड’, ‘कुड’ आणि ‘माइट’ यांतून निवड करावी लागते.

घरात एखाद्याचा अकाली मृत्यू होतो. समाचाराला आलेल्यांपैकी कोणी म्हणतो, ‘वेळेवर दवाखान्यात नेले असते तर तो वाचला असता.’ इंग्रजीत ‘ही वुड हॅव लिव्ह्‌ड’. दुसरा म्हणतो, ‘वाचू शकला असता’. म्हणजे ‘ही कुड हॅव लिव्ह्‌ड’. तिसरा म्हणतो, ‘कदाचित वाचलाही असता’. म्हणजे ‘ही माइट हॅव लिव्ह्‌ड’. पहिल्या वाक्याने निकाल दिला. ज्याने नेण्यास उशीर केला त्याच्या माथी जन्मभराचा दोष आला. दुसऱ्याने वाट मोकळी होती एवढे सांगितले. ती वाट कोणी धरली नाही, हा ठपका त्यात अर्धवट लपलेला आहे. तिसऱ्याने आपल्या अज्ञानाची मर्यादा ओळखली, आणि त्या घरातील माणसाला रात्री झोप येईल एवढी जागा ठेवली. आपली मुले परदेशी आहेत, नातवंडांचे आणि आजी-आजोबांचे बोलणे पुष्कळदा इंग्रजीतून होते, दुखवट्याची पत्रेही इंग्रजीतून येतात-जातात. अशा पत्रात माहीत नसताना लिहिलेला ‘वुड’ किती खोल रुतेल, याचा विचार लिहिणाऱ्याने करावा.

मराठी हे काम कशी करते ते पाहण्यासारखे आहे. ‘कदाचित’ आहेच, ‘शकणे’ आहे, आणि त्याहूनही नाजूक असा ‘ही’ आहे. ‘वाचला असता’ आणि ‘वाचलाही असता’ यांत एका अक्षराचे अंतर. ते अक्षर ज्याच्या कानाला कळते त्याला ‘वुड’ आणि ‘माइट’ यांतील भेद शिकवण्यास पाच मिनिटे पुरतात. ज्याचे मराठी ‘जायला पाहिजे होतं’ एवढ्यावरच थांबले आहे, त्याला हाच भेद नियम म्हणून घोकावा लागतो, आणि घोकलेले प्रसंगी आठवत नाही.

इतिहासाच्या गप्पांतही हाच विवेक हवा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेबांचा जय झाला असता तर. थोरले माधवराव १७७२ साली वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तले नसते तर. मग १८१८ उजाडलेच नसते, असे आपल्या बैठकींतून ठासून सांगितले जाते. ‘वुड हॅव’ लिहिणारा इतिहासकार येथे भविष्यवेत्ता होतो. ‘माइट हॅव’ लिहिणारा इतिहासकारच राहतो. माधवराव आणखी वीस वर्षे जगते, तर राज्य कदाचित टिकलेही असते. याहून अधिक म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

‘इफ’च्या घरातले पाहुणे

‘वुड’ने ‘इफ’च्या घरात राहू नये, असे वर म्हटले. परंतु पाहुणा म्हणून तो, आणि त्याचे भाऊबंदही, तेथे येतात. ते केव्हा येतात हे मराठीवरूनच ओळखता येते.

एखाद्या गृहस्थास आपण म्हणतो, ‘आपण जरा थांबाल तर मी आतून कागद घेऊन येईन.’ येथे ‘थांबलात तर’ असे न म्हणता आपण ‘थांबाल तर’ म्हणतो. का? तर येथे प्रश्न घटनेचा नसून समोरच्याच्या मर्जीचा आहे. इंग्रजीही अशाच वेळी ‘इफ यू विल वेट’ आणि अधिक नम्रपणे ‘इफ यू वुड वेट’ म्हणते. ‘विल’चा मूळचा इच्छा हा अर्थ येथे जागा होतो. ‘आपण सही कराल तर उपकार होतील’ या नमुन्याचे प्रत्येक मराठी वाक्य इंग्रजीत ‘इफ यू वुड’ने सुरू करण्यास हरकत नाही.

दुसरा पाहुणा ‘शुड’. ‘बाजारात विनायकराव भेटलेच तर निरोप सांगा.’ भेटतील असा भरवसा नाही, परंतु योग आलाच तर, हा भाव आपण ‘च’ने दाखवतो. इंग्रजीत त्यासाठी ‘इफ यू शुड मीट हिम’ अशी रचना आहे. येथील ‘शुड’चा कर्तव्याशी संबंध नाही, त्याचे ‘भेटायला हवे’ असे भाषांतर करणारे विद्यार्थी फसतात.

तिसरा ‘कुड’. ‘इफ आय कुड, आय वुड’ म्हणजे ‘मला जमले असते तर केले असते’. ‘कुड’ हे ‘कॅन’चे भूतकाळी रूप असल्याने ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आपल्या हक्काने उभे असते.

औपचारिक लेखनात ‘इफ’ अजिबात गाळून ‘हॅड आय नोन’ किंवा ‘शुड यू नीड’ अशी सुरुवात करतात. ‘जर’ गाळण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना त्यात परके वाटण्याचे कारण नाही.

एकाकी ‘वुड’चा घोटाळा

आपल्या देशातील इंग्रजी सूचनाफलकांवर आणि परिपत्रकांत एक विशेष प्रकार आढळतो: ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन संडे.’ लिहिणाऱ्याची समजूत अशी, की ‘विल’ जरा उद्धट आणि ‘वुड’ अदबशीर. विनंतीपुरते ते खरे आहे. ‘वुड यू प्लीज’ यात अदब आहेच. परंतु निवेदनात एकटा पडलेला ‘वुड’ आपला हरवलेला ‘इफ’ शोधत फिरतो. सभा रविवारी भरली असती, पण कशामुळे भरणार नाही? असा प्रश्न इंग्रजी जाणणाऱ्या वाचकाच्या मनात उभा राहतो. ‘आय वुड पे द अमाउंट बाय फ्रायडे’ असे देणेकऱ्याने लिहिले, तर सावकार त्या वाक्याच्या पुढे अध्याहृत असलेला ‘पण’ ऐकतो. नोकरीसाठी पाठवलेल्या ई-मेलमध्ये ‘आय वुड जॉइन ऑन द फर्स्ट’ असे गेले तर उमेदवाराचा होकार डळमळीत वाटतो. वचन द्यायचे असेल तेव्हा ‘विल’ लिहावे. मराठीत आपण ‘येईन’च्या जागी ‘आलो असतो’ असे चुकूनही म्हणत नाही. कारण ‘आलो असतो’ म्हटल्याबरोबर समोरचा विचारतो, ‘मग अडचण काय?’ हीच कसोटी इंग्रजीस लावावी.

आपले स्वतःचे जर-तर

शेवटी एक वाक्य खास आपल्या वाचकांसाठी. ‘आपले पूर्वज शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात आणि गायकवाडांबरोबर गुजरातेत आले नसते, तर आज आपण येथे राहत नसतो.’ यातील येणे अठराव्या शतकातील आणि राहणे आजचे. येथे पायऱ्यांची जोडी सकारण मोडते: ‘इफ’पाशी तिसरी पायरी, ‘हॅड नॉट कम’, मुख्य वाक्यात दुसरी, ‘वुड नॉट बी लिव्हिंग हिअर टुडे’. कारण जुने, परिणाम चालू. पाठ्यपुस्तके याला मिश्र संकेत म्हणतात. मराठीनेही तो भेद जपला आहे: पहिल्या खंडात ‘आले नसते’, दुसऱ्यात ‘राहत नसतो’. आणि १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेनंतर बेळगावकर वाचकांना तर मिश्र संकेताची ओळख करून द्यावयास नको. एका जुन्या रेघेवर अवलंबून असलेला ‘आज’ त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचे आणि त्याचे इंग्रजी करायचे, ही तिची साधी रीत. आज घरोघर उलट चालले आहे; मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून त्याच्याशी मराठी बोलणे कमी केले जाते. आमची सूचना अशी, की आठवड्यातून एका संध्याकाळी घरातील वडील माणसाने जर-तरची पाच मराठी वाक्ये सांगावीत, आणि मुलांनी त्यांचे इंग्रजी करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मराठीतच द्यावीत: ही गोष्ट किती दूरची, आणि खात्री किती? पहिल्या उत्तरावरून ‘इफ’पाशी कोणता काळ घालायचा ते कळेल, दुसऱ्यावरून ‘वुड’, ‘कुड’ की ‘माइट’ ते ठरेल.

सुरुवातीस ही पाच वाक्ये घ्यावीत: ‘पाऊस थांबला तर आम्ही येऊ.’ ‘मला पंख असते तर मी पुण्यास उडून गेलो असतो.’ ‘तू कळवले असतेस तर आम्ही स्टेशनवर आलो असतो.’ ‘त्याने मन लावून अभ्यास केला असता तर कदाचित पासही झाला असता.’ ‘आजीने आम्हांला मराठी शिकवले नसते, तर आज आम्हांला तिची पत्रे वाचता आली नसती.’ दुसऱ्या वाक्यात ‘वुड हॅव’ घालण्याचा मोह होईल, तेव्हा आत्याबाईंची आठवण करावी. पाचव्यात मात्र पायऱ्या कोठे बदलल्या ते मुलांना स्वतः शोधू द्यावे.